लिंक फक्त सकाळीच पडायची

"लोमटे, अकरा वाजेपर्यंत कारण सांगा. न्हाईतर हे पत्र मी तिच्या हातात देतो."

दूध शीतकरण केंद्राचे मॅनेजर सानप साहेब यांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. चार ओळींचं पत्र होतं. ऑपरेटर मनीषा हिनं उद्यापासून कामावर येऊ नये, एवढाच मजकूर. सही तेवढी बाकी होती. सकाळचे पावणेआठ वाजले होते. ऑफिसच्या खिडकीतून मला गेटबाहेर लागलेली टेम्पोंची रांग दिसत होती, आणि प्रत्येक टेम्पोत दुधाचे कॅन. फेब्रुवारी संपत आला होता. आष्टीचं ऊन त्या दिवसांत नऊलाच चटके द्यायला लागतं.

मी बीडला राहतो, नेटवर्किंगची कामं घेतो. तीस वर्षं वायरी ओढतोय. तापट आहे, हे गिऱ्हाइकं सांगतात आणि घरचे तर न विचारताही सांगतात. त्या दिवशी पहाटे चारला निघून आलो होतो, पोटात दोन कप चहा सोडून काही नव्हतं, आणि गेवराईच्या एका कॉलेजचा माणूस दर वीस मिनिटांनी फोन करून विचारत होता, "सर, आज येणार ना?" माझं एका जागी बूड टेकत नव्हतं.

काम काय होतं ते आधी सांगतो. गेटजवळच्या खोलीत आलेलं दूध मोजतात आणि त्याचा फॅट तपासतात. ते आकडे तिथल्या कॉम्प्युटरवरून ऑफिसातल्या सर्व्हरवर जातात. ऑफिस तिथून साडेतीनशे मीटर लांब. सर्व्हरनं आकडा घेतला की मगच कॅन टाकीत ओतायचा, असा नियम. ही जोडणी, म्हणजे लिंक, पडली की सगळं जागच्या जागी थांबतं. अर्ध्या तासात लिंक आली नाही तर नाइलाजानं वहीत हातानं लिहून दूध घेतात. पण तोवर पहिल्या कॅनला ऊन लागलेलं असतं.

आधी तिथं तांब्याची वायर होती. तांब्याची वायर शंभर मीटरपर्यंत नीट चालते, म्हणून मध्ये-मध्ये सिग्नल पुढं ढकलणारे हब बसवलेले. मागच्या वर्षी जवळच वीज पडली आणि ते सगळे जळून गेले. मग मी फायबर सुचवली. फायबर म्हणजे केसाएवढी बारीक काचेची तार. तिच्यातून वीज जात नाही, उजेड जातो. दोन्ही टोकांना एकेक स्विच बसवायचा, म्हणजे वायरी जिथं येऊन मिळतात तो डबा. सानप साहेब त्यालाही हबच म्हणतात, आणि मी आता वाद घालणं सोडलंय. स्विचच्या खाचेत बोटाएवढा एक अडॅप्टर बसतो. तो विजेचा उजेड करून पाठवतो, पलीकडचा अडॅप्टर त्या उजेडाची परत वीज करतो. भिंतीवरच्या पेटीत जमिनीखालून आलेली केबल उघडते. ती पेटी आणि अडॅप्टर यांना जोडते ती पिवळी, मऊ तार म्हणजे पॅचकॉर्ड.

अडॅप्टर बसवणं दिसायला सोपं. खाचेत सरकवला, टक् आवाज आला, झालं. पण दोन्हीकडचे एकाच जातीचे लागतात, वेग दोन्ही स्विचमध्ये सारखा ठेवावा लागतो, आणि इकडून पाठवायचं टोक तिकडच्या घ्यायच्या टोकात जावं लागतं. एक जरी चुकलं तरी स्विचवरचा हिरवा दिवा लागत नाही. माझा दिवा पहिल्याच झटक्यात लागला होता. सही घेतली आणि निघालो.

आठवड्याभरात तक्रार आली. लिंक सकाळी पडते. मी कामं उरकून बीडहून निघालो, पोचेपर्यंत अडीच वाजले. बघतो तर सगळं उत्तम. तरी एक अडॅप्टर बदलला. चार दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा गेलो, पुन्हा दुपार, पुन्हा सगळं उत्तम. दुसरा अडॅप्टर बदलला, टोकं पुसली, वेग पुन्हा तपासला. तिसऱ्यांदा सानपांचा फोन आला तेव्हा मी गाडी चालवत होतो. वैतागून म्हणालो, "साहेब, माझं मशीन ओके आहे. सकाळी कोणीतरी हात लावतंय बघा."

मी ते बोलून विसरलो. सानप साहेब विसरले नाहीत.

सकाळच्या शिफ्टला मनीषा असते. सहा ते दोन. दोन ते दहा अंकुश नावाचा माणूस. सानपांनी हिशेब जुळवला. लिंक पडली की वही निघते, वहीत फॅट हातानं लिहायचा, म्हणजे ओळखीच्या माणसाचा फॅट पाहिजे तेवढा चढवता येतो. तेव्हा बाईच वायर काढते. इतकं सरळ.

"घरचे सगळे कोयत्यावर हायेत तिच्या," सानप मला म्हणाले. "सासू, सासरा, नवरा. दसऱ्यानंतर गेलेत ऊसतोडीला. ही पोरीच्या शाळेपायी मागं ऱ्हायली. मी नोकरी दिली. आन् हे असं फेडतीय."

"काढलं तर काय करील?"

"काय करील? जाईल कोयत्यावर. नवरा हायेच तिथं, जोडी व्हईल."

"आणि पोरगी?"

"ते माझ्या हाती हाय का, लोमटे? वरून मला रोज फोन येतो, दूध कावून परत गेलं म्हणून. तुमी कारण सांगा."

मी लॅपटॉप उघडला. ऑफिसच्या स्विचमध्ये शिरलो. या स्विचमध्ये प्रत्येक घडामोडीची वेळेसकट नोंद राहते, तिला लॉग म्हणतात. इतके दिवस मी तो नीट वाचला नव्हता, कारण दुपारी सगळं चालू असायचं आणि मला परतायची घाई असायची. आता वाचला. लिंक पडली सहा पन्नासला. सात पाचला. आठ चाळीसला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पंचवीस-तीस नोंदी होत्या, आणि सगळ्या सहा ते दोनच्या आत. दोननंतर एकही नाही. संध्याकाळचं दूधही याच गेटवरून येतं, पण संध्याकाळी लिंक एकदाही हललेली नव्हती.

सानप माझ्या खांद्यामागून वाचत होते.

"प्रिंट काढा."

"साहेब, जरा थांबा."

"थांबा कावून? तुमचंच मशीन सांगतंय की."

प्रिंट निघाला. सानपांनी तो पत्राला टाचला. मशीन खोटं बोलत नाही हे मी सगळ्या गिऱ्हाइकांना छातीठोक सांगत आलोय, आणि आता तेच वाक्य माझ्यासमोर कुणाच्या तरी पोटावर येत होतं.

लॉगच्या खाली आणखी एक आकडा असतो. पलीकडून किती उजेड पोचतोय याचा. तो उणे असतो. उणे सात-आठ म्हणजे भरपूर. उणे वीसच्या पुढे गेला की अडॅप्टरला दिसेनासं होतं आणि लिंक पडते. बसवताना मी तो उणे आठ वहीत टिपला होता. आता पडद्यावर उणे एकवीस दिसत होता. क्षणात वीस, क्षणात बावीस.

मी खुर्चीतून उठलो. वायर उपटली असती तर उजेड अजिबात पोचला नसता. इथं उजेड येत होता, पण अर्धमेला. कोणी वायर काढत नव्हतं. वायरीला काहीतरी होत होतं.

"साहेब, सही करू नका. मी गेटवर जाऊन येतो."

"अकरा," सानप म्हणाले.

साडेतीनशे मीटर मी जवळजवळ पळत गेलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला ते शोभत नाही, पण मला शोभेचं काही सुचत नव्हतं. रांगेतले टेम्पोवाले कॅनवर ओली पोती टाकून उभे होते. एकजण ओरडला, "ओ वायरवाले, दूध फाटाया लागलं बे! तुमी नुसते फेऱ्या कावून मारताय?" मी त्याला उलट काहीतरी बोललो. काय ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मनीषा टेबलाजवळ उभी होती. चोवीस-पंचवीस वर्षांची, साडीवर निळा ॲप्रन, हात कोपरापर्यंत ओले. मी तिसऱ्यांदा तक्रारीवर येत होतो आणि तिच्याशी एक शब्द बोललेलो नव्हतो. मी आत शिरताच ती दोन पावलं मागं सरकली आणि दोन्ही हात वर केले.

"बघा सायेब. बघून घ्या. मी लांब हाय. वायरीला हात न्हाई लावला. बंद पडली का न्हाई तरीबी?"

"मला माहितेय ताई."

"तुमाला म्हाईत हाय तर मंग ते सानप सायबाला कोण सांगणार? काल मला म्हणले, उद्या तुझा फैसला."

मी भिंतीवरचं कपाट बघत होतो. स्विच तिथं उंचावर बसवलेला, कारण खोलीची फरशी रोज धुतात. त्याच्या शेजारी एक खिळा. आणि खिळ्याला माझी पिवळी पॅचकॉर्ड टांगलेली.

ती तार पाच मीटरची होती. तिथं एक मीटर पुरली असती. पण त्या दिवशी एक मीटरच्या तारा मी बीडला विसरलो होतो, म्हणून पिशवीत होती ती लावली आणि उरलेली सैल गुंडाळी करून सोडून दिली. आता त्या गुंडाळीची वीतभर लांबीची जुडी झाली होती. तार पाच-सहा वेळा दुमडलेली, बरोबर मध्यावर जुन्या साडीच्या काठाची पट्टी आवळलेली, पट्टीला पीळ दिलेला आणि पिळाचं टोक खाली खोवलेलं. गाठ नव्हतीच. तरी इतकी घट्ट, की पिवळं आवरण दबून त्याला खाच पडली होती.

असली बांधणी मी आयुष्यभर पाहिलीय. आमच्या जिल्ह्यात कोणी पाहिली नाही? उसाची मोळी अशीच बांधतात. उसाच्या शेंड्याच्या पाल्यालाच, म्हणजे वाढ्यालाच, पीळ द्यायचा आणि टोक खोवायचं.

"हे कोणी बांधलं?"

"मी."

"रोज?"

"रोज सकाळी. फरशी धुताना पाणी उडतं, वायर वली हुती. दुपारी अंकुश सोडून टाकतो. त्याला खिळ्याला हेल्मेट लावायचं असतं."

मी टेबलावर चढलो आणि खोवलेलं टोक ओढलं. पट्टी सुटली, तार पसरली. तसाच वर उभा राहून सानपांना फोन लावला.

"साहेब, माझ्या लॅपटॉपवर खालचा आकडा वाचा."

"उणे... उणे नऊ."

"आणि आता दिवा?"

"हिरवा हाय. लोमटे, काय केलं तुमी?"

खाली कॉम्प्युटरवर आकडे सरकायला लागले होते. मनीषानं माझ्याकडे बघितलंही नाही. तिनं पहिला कॅन पुढं ओढला, नमुना काढला, मशीनला लावला. कॅनमागून कॅन. तिचे हात मशीनपेक्षा वेगात चालत होते. मी टेबलावरून उतरून कोपऱ्यात उभा राहिलो. पहिल्या टेम्पोतले तीन कॅन वासानं परत गेले. बाकीचं दूध वाचलं.

रांग पातळ झाल्यावर मी तिला समजावून सांगितलं. आत काच आहे. उजेड मोठ्या वळणानं जातो, पण तार मोडून आवळली की वळणावरून बाहेर सांडतो, पाटाचं पाणी एकदम काटकोनात फिरवलं की बांधावरून जातं तसा. ही जुडी अगदी काठावर होती. कधी पुरेसा उजेड जायचा, कधी नाही. शेजारच्या भिंतीला दूध थंड करायचा कॉम्प्रेसर आहे, तो सुरू झाला की भिंत थरथरते, तेवढ्यानंही फरक पडत असणार. मग मी शहाणपणानं म्हणालो, "फायबर अशी बांधायची नसते ताई. कोणी सांगितलं तुम्हाला बांधायला?"

तिनं हातातली बाटली खाली ठेवली.

"तुमीच."

"मी?"

"बसवली त्या दिवशी. मी इचारलंतं, सायेब ही पिवळी वायर अशीच लोंबू द्यायची का? तुमी फोनवर बोलत व्हतात. तसंच म्हणलात, 'बांधून टाका, घट्ट.' मी घट्ट बांधली. आमच्यात सैल मोळी बांधली तर ट्रकात चढवताना सुटती, मुकादमाच्या शिव्या खाव्या लागत्यात. घट्ट म्हंजे घट्ट."

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण शब्द माझेच होते. फोन कानाला असताना मी सगळ्यांना असंच काहीतरी सांगून वाटेला लावतो. बायकोला, पोरांना, गिऱ्हाइकांना. मला लाज वाटली. अशी, की कान गरम झाले.

"तुमी दोनदा आलतात," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "दोन्ही येळेस माझी शिफ्ट सुटल्यावर. सकाळी काय हुतं, ते सकाळच्या माणसाला एकदा फोन करून तरी इचारायचं. मी काय परमुलखात व्हते का? पोरीला कालच सांगितलं मी, शाळा सोडावी लागंल म्हणून. रात्रभर रडली ती."

सुटलेली पट्टी मी घडी करून तिच्या टेबलावर ठेवली.

तेवढ्यात सानप साहेब गेटवर पोचले. मी त्यांना दाखवून दिलं. माझ्याकडे लाल उजेड सोडणारं पेन असतं, ते एका सुट्या पॅचकॉर्डला लावलं. तार सैल होती तोवर लाल ठिपका फक्त पलीकडच्या टोकाला दिसत होता. मग मी ती दुमडून आवळली. दुमडलेल्या जागी पिवळं आवरण आतून लाल झालं आणि टोकाचा ठिपका विझत आला. सानपांना हे फार आवडलं. त्यांनी दोनदा करायला लावलं.

"म्हणजे चूक तिचीच," ते म्हणाले. "बांधलं तिनंच ना?"

"बांधायला मी सांगितलं साहेब. आणि पाच मीटरची तार लावली तीही मीच. एक मीटरची लावली असती तर बांधायला काही उरलंच नसतं."

सानपांनी मला बाजूला घेतलं. "लोमटे, कशाला अंगावर घेता? वर कायतरी कारण कळवावं लागंल मला. 'ऑपरेटरची निष्काळजी' लिहा. तुमचंबी निभलं, माझंबी. पुढच्या साली मेंटेनन्सचं काम तुमालाच द्यायचंय मला."

खरं सांगतो, मी लगेच नाही म्हणालो नाही. सर्व्हिस रिपोर्टचं पुस्तक काढलं, तारीख घातली, आणि 'दोषाचं कारण' या रकान्यापाशी पेन थांबवलं. वर्षाचं बांधलेलं काम सहज मिळत नाही. गेवराईवाल्याचा पुन्हा फोन आला. या वेळी मी तो बंद करून खिशात टाकला. समोर मनीषा कॅन धूत होती, पाठमोरी. तिला आमचं बोलणं ऐकू जात होतं, हे तिच्या हातांवरून कळत होतं. ते थांबले होते.

मी लिहिलं: 'पॅचकॉर्ड गरजेपेक्षा लांब लावली. ती कशी ठेवायची याची सूचना चुकीची दिली. दोन्ही चुका इन्स्टॉल करणाऱ्याच्या. ऑपरेटरनं सूचनेप्रमाणे काम केलं. तिचा दोष नाही.' खाली सही केली.

सानपांनी वाचलं. "असं लिहिल्यावर पुढच्या सालचं अवघड हाय बरं का."

"असू द्या."

गाडीतून एक मीटरची पॅचकॉर्ड आणून लावली. आकडा उणे आठ. अंकुशच्या हेल्मेटसाठी खिळा दाराजवळ ठोकून दिला. लिंक बारा वाजेपर्यंत बघत बसलो. हलली नाही.

निघताना मनीषा आडवी आली. हात पुसले आणि रिपोर्टचं पुस्तक मागितलं. उभ्या-उभ्या सगळं वाचलं. एकेक शब्दावर बोट ठेवून, दोनदा.

"याची एक झेरॉक्स मला पायजे," ती म्हणाली. "सायेब बदलत्यात. कागद ऱ्हातो."

मी आष्टीच्या बाजारात जाऊन दोन प्रती काढून आणल्या. तिनं त्या नीट घडी करून ॲप्रनच्या खिशात ठेवल्या आणि परत कामाला लागली. आभार मानले नाहीत. कशाचे मानायचे? तिला खड्ड्यात ढकललं होतं मीच.

सानपांनी ते पत्र तिला दिलं नाही. मेंटेनन्सचं काम मात्र दुसऱ्याला गेलं. अधूनमधून चौकशी करतो. मनीषा अजून तिथंच सकाळच्या शिफ्टला आहे, पोरगी चौथीत गेली.

माझ्या रिपोर्टच्या पुस्तकात मी नंतर एक जादा रकाना छापून घेतला: 'तिथं काम करणाऱ्याला काय विचारलं, त्यानं काय सांगितलं.' गिऱ्हाइकं विचारतात, हे कशाला? मी म्हणतो, अडॅप्टर बदलण्यापेक्षा स्वस्त पडतं.